करारात नसलेलं

एकनिष्ठेची शपथ घेतलेल्या लग्नात विश्वासघात ओळखायला सोपा असतो. पण नवरा-बायकोनं आपण होऊन एकमेकांना मोकळीक दिली असेल, तर तिथं विश्वासघात कशाला म्हणायचं? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या स्नेह्यांपैकी एका जोडप्यानं असा करार केला होता. बाहेरच्या संबंधांबद्दल दोघांत काहीही लपलेलं नव्हतं. दोघंही माझ्याशी मात्र वेगवेगळं बोलायची आणि ‘तिकडे बोलू नकोस’ अशी अट घालायची. त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती. तिला हे सगळं नकोसं झालं होतं, पण तसं म्हणणं तिला मागासलेपणाचं वाटत होतं. मी दोन्हीकडचा शब्द पाळला. लग्न मोडलं.

तेव्हापासून जमेल तसं या विषयावर वाचत आलो. पदवी नाही, मार्गदर्शक नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि ग्रंथालयाचं सभासदत्व एवढंच भांडवल. या वाचनात मी पुन्हा पुन्हा परत जातो ते बर्ट्रांड रसेल आणि डोरा ब्लॅक यांच्या लग्नाकडे. कारण साधं आहे. नवऱ्यानं आत्मचरित्र लिहिलं, बायकोनं ‘द टॅमरिस्क ट्री’ हे तीन खंडांचं आत्मकथन लिहिलं, आणि मुलगी कॅथरीन हिनं वडिलांवर पुस्तक लिहिलं. एकाच घरातल्या तीन साक्षी असा योग क्वचित.

लग्न झालं २७ सप्टेंबर १९२१ रोजी. डोराचा विवाहसंस्थेवर विश्वास नव्हता. पण ती गरोदर होती, आणि रसेलच्या घराण्यात सरदारकीचा वारसा होता. मूल कायद्यानं औरस हवं होतं. नोव्हेंबरात जॉन जन्मला, दोन वर्षांनी केट. १९२७ मध्ये दोघांनी ससेक्समध्ये बीकन हिल ही मुक्त विचारांची शाळा काढली. (त्याच वर्षी जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. संततिनियमन आणि लैंगिक नीती हे विषय तेव्हा लंडनइतकेच गिरगावातही पेटलेले होते, एवढ्यासाठी ही नोंद.)

१९२८ मध्ये डोराची ग्रिफिन बॅरी या अमेरिकन पत्रकाराशी जवळीक झाली. ती लपवलेली नव्हती. रसेलचेही संबंध होतेच. १९२९ मध्ये त्याचं ‘मॅरेज अँड मॉरल्स’ आलं. त्यातला एक युक्तिवाद असा: माणसाला काही आवरायचंच असेल तर त्यानं प्रेमाला आवरण्यापेक्षा मत्सराला आवरावं. कागदावर हे मलाही पटतं. पण हे पुस्तक छापलं जात होतं त्या काळात लेखकाच्या घरात त्याची परीक्षा सुरू होती, आणि विद्यार्थी तोच होता.

१९३० मध्ये डोराला बॅरीपासून मुलगी झाली, १९३२ मध्ये मुलगा. वडील कोण, हे रसेलला ठाऊक होतं. त्यानं हे मनापासून स्वीकारलं आहे, अशी डोराची समजूत होती. १९३० च्याच उन्हाळ्यात मुलांना सांभाळायला पॅट्रिशिया स्पेन्स ही ऑक्सफर्डची विद्यार्थिनी आली. रसेलचं तिच्यावर प्रेम बसलं. तेही उघडच होतं. १९३२ मध्ये तो घर सोडून गेला.

डोराला बोचलं ते स्पेन्स आली हे नव्हे. बाहेरची प्रेमं कितीही येवोत-जावोत, मुलांचं घर टिकेल, असं ती धरून चालली होती. तो निघून गेला हे तिला बोचलं. रसेलची बाजू त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपली क्षमाशक्ती आपणच घालून घेतलेल्या अटींना पुरली नाही, हे दुसऱ्या कुणीही आधीच सांगितलं असतं, पण सिद्धान्तानं आपले डोळे बांधले होते, अशी कबुली तो तिथं देतो. माझ्या मते या घरातलं खरं गुपित हे होतं. कोण कुणाबरोबर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाला काय सोसवत नाही, हे सांगायला त्या करारात जागा नव्हती, कारण ते सांगणं म्हणजे करारच मोडणं. रसेलसारख्या माणसाला तर ते आपलं पुस्तक मागे घेण्यासारखं झालं असतं.

पुढे १९३५ मध्ये घटस्फोट झाला. मुलांच्या ताब्यावरून भांडण इतकं विकोपाला गेलं की जॉन आणि केट न्यायालयाच्या पालकत्वाखाली गेली. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात घटस्फोटाला व्यभिचार हेच एक कारण चाले, आणि जोडीदाराच्या व्यभिचाराला तुमची संमती असेल तर अर्ज फेटाळला जाई. म्हणजे या दोघांनी ज्या प्रामाणिकपणाचा अभिमान बाळगला, तोच न्यायालयात अडचणीचा.

आपण हे इंग्लंडचं जुनं खूळ म्हणून सोडू शकत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २३ काढून पाहा. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्यानं त्या कृत्याला हातभार लावलेला, मूकसंमती दिलेली किंवा ते माफ केलेलं नसावं, अशी अट तिथं आजही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दंडसंहितेचं कलम ४९७ रद्द केलं. योगायोगानं तारीख २७ सप्टेंबरच. त्या कलमात ‘संमती’ होती ती फक्त नवऱ्याची; बायकोच्या संमतीला किंमत नव्हती. ते गेलं, बरं झालं. पण घटस्फोटाच्या कायद्यात ठरवून मोकळीक दिलेल्या जोडप्याला आपलं दुखणं व्यभिचार म्हणून मांडता येत नाही.

माझ्या स्नेह्यांनी परस्परसंमतीचा अर्ज केला. ‘एकत्र राहणं शक्य झालं नाही’ एवढंच त्यात लिहावं लागतं; का, ते कुणी विचारत नाही. मसुदा दोघांनी मला वाचायला दिला होता, वेगवेगळा. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.