‘स्पॅनिश बॉम्ब्स’ : पंक गाण्यातील स्पेनची यादवी आणि मंडल्याचा सैनिक

जबलपूर : ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक रॉक समूहाचे ‘स्पॅनिश बॉम्ब्स’ हे गाणे डिसेंबर १९७९मध्ये ‘लंडन कॉलिंग’ या ध्वनिमुद्रिकेतून रसिकांसमोर आले. स्पेनच्या यादवी युद्धाची (१९३६ ते १९३९) आठवण जागवणारे हे गाणे आजही आवडीने ऐकले जाते. जबलपूरच्या राइट टाउनपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या मंडला येथे जन्मलेले एक मराठी गृहस्थही त्याच युद्धात लढले होते. पराभूतांची आठवण कोण आणि कशी जपतो, या प्रश्नाच्या दृष्टीने हे गाणे आणि हा सैनिक या दोघांची कथा बोलकी आहे.

युद्ध कशासाठी झाले?

स्पेनमध्ये १९३१ साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. फेब्रुवारी १९३६च्या निवडणुकीत डाव्या व उदारमतवादी पक्षांची आघाडी विजयी झाली. त्यानंतर पाच महिन्यांतच, जुलैमध्ये, लष्करातील एका गटाने बंड पुकारले. जनरल फ्रान्सिस्को फ्रँको पुढे या बंडाचे सर्वेसर्वा झाले. हिटलरची जर्मनी आणि मुसोलिनीची इटली बंडखोरांच्या मदतीला धावली, तर ब्रिटन व फ्रान्सने हस्तक्षेप न करण्याचे धोरण स्वीकारले. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यासाठी पन्नासहून अधिक देशांतील सुमारे ३५ हजार स्वयंसेवक ‘आंतरराष्ट्रीय ब्रिगेड’मध्ये दाखल झाले. १ एप्रिल १९३९ रोजी युद्ध संपले ते फ्रँको यांच्या विजयाने. त्यांची हुकूमशाही नोव्हेंबर १९७५मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

गाणे काय सांगते?

हे गाणे प्रामुख्याने समूहाचा गायक जो स्ट्रमर याच्या लेखणीतून उतरले. त्याचे मूळ नाव जॉन मेलर. त्याचे वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते आणि त्यांचा जन्म लखनौचा. १९७९ साली बास्क फुटीरतावादी संघटना ‘एटा’ने स्पेनच्या पर्यटनस्थळांना लक्ष्य केले होते. समुद्रकिनाऱ्यावर सुटी घालवणाऱ्या पाहुण्यांना ऐकू येणारे हे स्फोट आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच भूमीवरील तोफांचे आवाज स्ट्रमरने एकमेकांत मिसळले. कवितेची आवड असलेले खंदकांतील सैनिक, आंदालुसियाच्या टेकड्या आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांचे नाव गाण्यात येते. लोर्का यांना ऑगस्ट १९३६मध्ये ग्रानादाजवळ बंडखोरांच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या. त्यांचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत.

विषय इतका गंभीर असूनही गाण्याची चाल वेगवान आणि प्रसन्न आहे. धृपदात स्ट्रमर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये जणू प्रेयसीशी बोलतो. आपण या इतिहासाचे वारस आहोत की केवळ पर्यटक, हा प्रश्न गाणे मोकळा सोडते.

ते कोणत्या वेळी आले, हेही महत्त्वाचे आहे. लोकशाहीकडे वळताना स्पेनने १९७७मध्ये सर्वमाफीचा कायदा केला. त्यानुसार राजकीय कैदी सुटले; मात्र हुकूमशाहीच्या काळातील अत्याचारांची चौकशीही थांबली. या अलिखित समझोत्याला ‘विस्मरणाचा करार’ असे नाव पडले. स्पेन स्वतः मौन पाळत असताना लंडनमधील तरुण त्या युद्धाविषयी गात होते. सामूहिक कबरींचा शोध आणि पीडितांचा सन्मान यांसाठीचे कायदे तेथे २००७ आणि २०२२मध्ये झाले.

मंडल्याचे ‘जॉन स्मिथ’

गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार यांचा जन्म १९०२ साली मंडला येथे झाला. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांचे ते आरंभीचे सहकारी आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह होते. बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर ते पत्रकारितेच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील फॅसिझमविरोधी वातावरणाने त्यांची वाट बदलली. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन ते ब्रिटिश तुकडीत दाखल झाले. एप्रिल १९३८मध्ये गांदेसाच्या परिसरात ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या येथील मठात युद्धकैदी म्हणून राहिले. त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. भारतात परतल्यावर ते कम्युनिस्ट चळवळीत सामील झाले.

स्पेनला गेलेले ते एकटेच भारतीय नव्हते. डॉ. मदन मोहनलाल अटल यांनी तेथे वैद्यकीय सेवा केली. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीही १९३८मध्ये बार्सिलोनाला भेट दिली होती.

जबलपूरला ही कथा परकी का नाही?

मार्च १९३९मध्ये जबलपूरजवळील त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्याच महिन्याच्या अखेरीस माद्रिद पडले.

शब्दांसाठी प्राण गमावण्याचा अनुभवही या शहराला नवा नाही. १८५७च्या उठावात गोंड राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी अटक केली. झडतीत सापडलेले, देवीला शत्रूच्या संहाराचे साकडे घालणारे पद्य त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच उठावातील झाशीच्या राणीची कथा पुढे घराघरांत पोहोचली, ती जबलपूरच्याच सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेमुळे. राइट टाउनलगतच्या गोल बाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी स्वातंत्र्यलढा चितारला आहे.

गाण्याने काय टिकते?

गाणे इतिहासाचे पुस्तक नसते. ‘स्पॅनिश बॉम्ब्स’मध्ये युद्धाची कारणे नाहीत आणि प्रजासत्ताकाच्या गोटातील अंतर्गत वैर व हिंसाही नाही. तरीही त्याने लोर्का यांचे नाव नव्या पिढीच्या ओठांवर आणले. स्ट्रमरचे २००२ साली निधन झाले. २०१३मध्ये ग्रानादाने शहरातील एका चौकाला त्याचे नाव दिले.

हुद्दार यांच्या बाबतीत एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘लंडन कॉलिंग’ प्रसिद्ध होण्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १९७९मध्ये, ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचा लेख छापून आला. त्याचा विषय मात्र स्पेन नव्हता. तो संघ आणि नेताजी यांच्याविषयी होता. दुसऱ्याचे नाव घेऊन रणांगणावर उतरलेल्या सैनिकांचे खरे नाव गाण्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. ते शोधून काढण्याचे काम इतिहासाला करावे लागते.