अरविंद निर्मल यांची कैफियत

नागरी हक्कांसाठी झगडलेल्या ल्यूथरपंथीय पाळकांचा विषय निघाला की दृष्टी साहजिकच अमेरिकेकडे वळते. अलाबामातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांच्या मंडळीचे पाळकपद पत्करलेले गोरे रॉबर्ट ग्रेट्झ तेथील बस-बहिष्कारात उघडपणे सामील झाले आणि 1956 व 1957 साली त्यांच्या घरावर बॉम्ब पडले, ही हकीकत मी तरुणपणापासून आस्थेने वाचत आलो आहे. परंतु ज्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि ज्या मुलखातील माणगावच्या परिषदेत 1920 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाची द्वाही फिरली, त्याच मुलखातल्या उचगावात राहून या विषयाचा मागोवा घेता घेता मी अखेर पोहोचलो तो एका मराठी माणसापाशीच. आणि ते नाव मराठी वाचकांच्या कानांवरून क्वचितच गेले असेल, याची मला मनस्वी खंत वाटते.

अरविंद निर्मल हे स्वतः उत्तर भारतीय चर्चचे. परंतु त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य मद्रासच्या किलपॉक भागातील गुरुकुल या ल्यूथरपंथीय महाविद्यालयात, दलित ईश्वरविज्ञानाच्या विभागाचे प्रमुख म्हणून घडले. या योगायोगाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. 1706 साली त्सीगेनबाल्ग तरंगमबाडीस उतरले आणि तेथून ल्यूथरपंथाने तमिळ देशात मूळ धरले. पुढे 1833 साली अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी ख्रिस्ती मंडळीत जातिभेद मुळीच चालणार नाही असे फर्मान काढले, तेव्हा तंजावरकडील वेल्लाळ या वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातीचे अनेक ख्रिस्ती बिथरले. आणि त्यानंतर त्या प्रांतात आलेल्या ल्यूथरपंथीय लाइपझिग मिशनने, विशेषतः कार्ल ग्राउल यांनी, जात ही केवळ सामाजिक रीत आहे असे मानून तिच्याशी तडजोड केली. ही तडजोड मला अक्षम्य वाटते. म्हणूनच त्याच पंथाच्या विद्यालयाने महाराष्ट्रातील एका दलिताला अध्यासन देऊन मुक्तकंठाने बोलू दिले, हे त्या पंथाचे मोठेच प्रायश्चित्त होय.

निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाचा पाया एप्रिल 1981 मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाविषयी दिलेल्या व्याख्यानात घातला होता. ब्रह्मबांधव उपाध्यायांपासून पुढच्या भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी वेदान्ताशी संवाद साधण्यात हयात वेचली, लॅटिन अमेरिकेकडे पाहणाऱ्या नव्या पिढीने वर्गसंघर्ष आत्मसात केला, आणि मंडळीतील बहुसंख्य माणसे ज्या वाड्यांतून आली होती त्या वाड्यांकडे मात्र दोघांचीही पाठ राहिली, असा त्यांचा आक्षेप होता.

पुढे विस्ताराने लिहिलेल्या निबंधात ते बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय उघडतात. तेथे इस्राएली माणूस भटक्या अरामी पूर्वजाचे स्मरण करून आपली श्रद्धा सांगतो. निर्मल म्हणतात, माझ्या पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. त्याची वस्ती गावाबाहेर होती. धुळीत उमटलेली त्याची पावले पुसली जावीत म्हणून त्याच्या कमरेला झाडाची फांदी बांधलेली होती, आणि थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके. हे सांगून झाल्यावर, हा माझा पूर्वज महाराष्ट्रातला, असे ते श्रोत्यांना मित्र म्हणून सांगतात. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकावरून त्यांनी देवालाच सेवक ठरविले, आणि सेवक म्हटल्यावर धोबी आणि भंगी यांची नावे घ्यायला ते कचरले नाहीत.

या निबंधातील ज्या भूमिकेवरून कलह माजला ती अशी, की दलितांचे ईश्वरविज्ञान दलितांनीच रचावे. कारण प्रबळ परंपरा प्रथम सामावून घेते, मग पचवते आणि शेवटी जिंकते. अनेक सहृदय विद्वानांना हे कुंपण संकुचित वाटले. मला ते वाटत नाही. ज्याला शतकानुशतके उंबरठ्याबाहेर उभे केले, त्याने स्वतःचे घर बांधताना दाराला कडी लावली तर तक्रार कोणी करावी?

आता त्याच मद्रास शहरातील एक खटला पाहावा. सूसाई नावाचे आदिद्रविड, म्हणजे दलित, ख्रिस्ती चर्मकार रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवीत. सरकारने अनुसूचित जातींच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, तेव्हा ख्रिस्ती म्हणून त्यांना वगळले. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे सदस्यत्व हिंदूंपुरते ठेवले होते. 1956 साली त्यात शीख आले. सूसाई यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1985 साली अर्ज फेटाळला गेला. धर्मांतरानंतरही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने टिकून राहते याचा पुरेसा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. निर्मल यांचे लेखन मला पुराव्याच्या त्या मागणीला दिलेली कैफियतच वाटते, मग ते कोणत्याही दप्तरी दाखल झालेले नसो.

1990 साली राष्ट्रपतींच्या त्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला. निर्मल 1995 साली निवर्तले. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. आपल्या दलित साहित्याच्या अभ्यासकांना माझी विनंती आहे, की त्यांनी निर्मल यांचे हे निबंध मिळवून वाचावेत आणि आपल्या अभ्यासक्रमांत त्यांना जागा द्यावी. तो पूर्वज आपल्याच मुलखातला आहे.