बॉनेटखालची सत्तर वर्षं

मसल कार मुळात इंजिन बदलूनच जन्माला आली. 1964 च्या सुमाराला जनरल मोटर्सचा, म्हणजे जीएमचा, दंडक होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅक विभागातले जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी मोठ्या गाडीतलं 389 घन इंची व्ही-8 टेम्पेस्टमध्ये चढवलं. पॉन्टिअॅकच्या लहान-मोठ्या व्ही-8 इंजिनांचं बाहेरचं माप एकच असल्यामुळे फारशी ठोकाठोक करावी लागली नाही. नव्या मॉडेलला लागू असलेला दंडक जादा ऑप्शनला लागू नव्हता, म्हणून त्यांनी 'जीटीओ' हे ऑप्शन म्हणूनच विकायला काढलं, आणि तिथून एक युग सुरू झालं.

शेव्हरोलेच्या कॅमॅरोच्या बाबतीतही तेच घडलं. 400 घन इंचांहून मोठं इंजिन कंपनी त्या गाडीत देत नव्हती, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे शेव्हरोले डीलर डॉन येन्को नव्या कोऱ्या कॅमॅरोचं इंजिन उतरवून 427 घन इंची बिग ब्लॉक चढवू लागले. 1969 मध्ये हे काम कारखान्यातच करून घ्यायची वाट निघाली. एरवी टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी वापरली जाणारी 'कोपो' ही खास ऑर्डरची पद्धत त्यासाठी कामी आली. आज त्या येन्को कॅमॅरो लिलावात अत्यंत मौल्यवान ठरतात.

म्हणून जुन्या मसल कारमध्ये आधुनिक इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणाऱ्यांना कुणी पाखंडी म्हटलं की मला ते पटत नाही. त्यांनी या गाड्यांची परंपरा पुढे नेली, आणि एरवी भंगारात गेल्या असत्या अशा असंख्य गाड्या रस्त्यावर ठेवल्या.

दुष्काळाची वर्षं

या परंपरेचा पाया 1955 चा. त्या वर्षी एड कोल यांच्या हाताखाली शेव्हरोलेचं 265 घन इंची, म्हणजे साधारण 4.3 लिटरचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 आलं. हलकं, आटोपशीर, स्वस्त आणि वाटेल तेवढं उपलब्ध. हॉट रॉडवाल्यांनी ते दिसेल त्या गाडीत घातलं, फोर्डच्या 1932 च्या गाडीतसुद्धा. इंजिन बदलायचं तर कुठलं, या प्रश्नाला पुढची चाळीस वर्षं हेच उत्तर होतं.

मधल्या काळात मूळ गाड्याच खंगल्या. 1971 मध्ये जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं, 1972 पासून शक्तीचे आकडे नव्या, काटेकोर पद्धतीने दिले जाऊ लागले, 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि 1975 मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्या वर्षीच्या शेव्हरोलेच्या साध्या कॉर्व्हेटचं 5.7 लिटरचं इंजिन जेमतेम 165 हॉर्सपॉवर देत होतं. पुढे 1997 मध्ये तेवढ्याच लिटरच्या इंजिनाने 345 दिले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात इंजेक्शन, संगणक आणि सिलिंडर हेडच्या अभ्यासाची बावीस वर्षं आहेत.

या दुष्काळात आधी बदलला तो गिअरबॉक्स. साठच्या दशकातल्या गाड्यांना चार गिअरचा मॅन्युअल किंवा दोन-तीन गिअरचा ऑटोमॅटिक असे, आणि शेवटचा गिअर एकास एक. मागच्या एक्सलचं प्रमाण 3.73 आणि चाक 26 इंचांचं धरलं तर ताशी 110 किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास 3,300 फेरे मारतं. पाव मैलाच्या शर्यतीत ते शोभतं, पण दोनशे मैलांच्या प्रवासात कान किटतात आणि पेट्रोलची टाकी रिकामी होते. 1982 मध्ये जीएमचा 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आला. त्याचा चौथा गिअर 0.70 चा, म्हणजे त्याच वेगाला फेरे 2,300 वर. गाडी तीच, पण गावाला जायच्या लायकीची झाली. मॅन्युअलवाल्यांसाठीही पर्याय आला. 1992 च्या डॉज व्हायपरमध्ये आलेला टी56 हा सहा गिअरचा बॉक्स पुढे कॅमॅरोतही आला, आणि तिथून जुन्या गाड्यांमध्ये.

1997 चं इंजिन

1997 च्या कॉर्व्हेटसोबत एलएस1 आलं, आणि इथून आजचा काळ सुरू होतो. तेव्हा मोटारींच्या जगात दोन-दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचा बोलबाला होता. जीएमच्या इंजिनिअरांनी मात्र एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात ठेवला, पुशरॉड ठेवले, आणि शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं 4.40 इंचांचं अंतरही 1955 मधलंच ठेवलं. बाकी जवळपास सगळं नवं होतं: अॅल्युमिनिअमचा ब्लॉक, बाजूनेही बोल्ट मारलेल्या मेन कॅप, हवा मोकळेपणी आत घेणारे हेड, दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल. डिस्ट्रिब्युटर गेला आणि फायरिंग ऑर्डरही बदलली.

जुन्या गाडीच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट होती रुंदी. माथ्यावर कॅमशाफ्ट नसल्याने इंजिन अरुंद आणि बुटकं राहिलं, त्यामुळे 1969 च्या कॅमॅरोत किंवा शेव्हरोलेच्याच शेव्हेलमध्ये ते आरामात उतरतं. फोर्डवाल्यांना हे सुख नव्हतं. त्यांची मॉड्युलर इंजिनं आणि 2011 च्या मस्टँगमधलं 412 हॉर्सपॉवरचं कोयोटी ही उत्तम इंजिनं, पण रुंद. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये ती घालायची तर बॉनेटखालचे दोन्ही सस्पेन्शन टॉवर कापून पुढचं सस्पेन्शनच नवं बसवावं लागतं. म्हणून मस्टँगच्या मालकांनीही अनेकदा शेव्हरोलेचं इंजिन घेतलं आणि फोर्डप्रेमींचा रोष पत्करला.

बसतं म्हणजे काय, हे जवळून पाहिलं की या कामातली कारागिरी कळते. गिअरबॉक्स जोडायच्या बोल्टांच्या जागा एलएसवर बहुतांशी जुन्याच आहेत, त्यामुळे जुना तीन गिअरचा बॉक्स थेट लागेल असं वाटतं. पण क्रँकशाफ्टचं मागचं टोक जुन्यापेक्षा 0.4 इंच, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर आत आहे. तेवढ्या जाडीचा स्पेसर न घालता बोल्ट आवळले तर टॉर्क कन्व्हर्टर नीट टेकत नाही, फ्लेक्सप्लेटवर ताण येत राहतो आणि कधीतरी ती तडकते. इंजिनाचे फाउंडेशनही सरळ जुळत नाहीत. जुन्या ब्लॉकला एका बाजूला तीन बोल्ट, नव्याला चार, म्हणून मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. मग येतो इंजिनाखालचा ऑइल चेंबर. ट्रकच्या इंजिनाचा खोल चेंबर कॅमॅरोच्या क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो आणि रस्त्यावरच्या पहिल्याच उंचवट्याला फुटायची भीती. 1998 ते 2002 च्या कॅमॅरोचा चेंबर बसवला की हा प्रश्न सुटतो, म्हणून तो भाग भंगारवाल्याकडे कधी फार दिवस पडून राहिला नाही.

पेट्रोलची लाइन हा आणखी एक धडा. कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरतो, एलएसच्या इंजेक्टरांना 58 लागतो. टाकीत किंवा टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, नव्या नळ्या आणि दाब राखणारा रेग्युलेटर हे सगळं आलं. यावर लोकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: 1999 नंतरच्या कॉर्व्हेटचा पेट्रोल फिल्टर वापरायचा. त्याच्यातच 58 पीएसआयचा रेग्युलेटर बसवलेला असतो. तो टाकीजवळ लावला की जादा पेट्रोल तिथूनच परत जातं आणि इंजिनापर्यंत एकच नळी न्यावी लागते. कुठल्या तरी गॅरेजात कुणाला तरी हे सुचलं आणि देशभर पसरलं.

ट्रकांनी दिलेली देणगी

कॉर्व्हेटची इंजिनं महाग होती. लाट आली ती ट्रकांमुळे. 1999 पासून जीएमने सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन अशा गाड्यांमध्ये याच घराण्याची 4.8, 5.3 आणि 6.0 लिटरची इंजिनं घातली, बहुतेक लोखंडी ब्लॉकची. या गाड्या प्रचंड खपल्या आणि अपघातात सापडून भंगारातही तशाच संख्येने आल्या. आपली हत्यारं घेऊन जा, स्वतः खोला आणि पैसे देऊन उचला, अशी अमेरिकन भंगारवाड्यांची रीत. पगारदार माणसाला परवडेल अशा भावात, लाखभर मैल चाललेलं पण अजून दणकट इंजिन तिथे मिळू लागलं.

या काळात कुठल्या गाड्या वाचल्या, हे बघण्यासारखं आहे. मूळ इंजिनाचा नंबर चॅसिसशी जुळणारी दुर्मीळ गाडी कुणी शहाणा माणूस फाडत नाही, आणि फाडूही नये. वाचली ती सहा सिलिंडरची साधी कॅमॅरो, किंवा इंजिन कधीच निघून गेलेला, शेतावरच्या शेडमध्ये उभा असलेला शेव्हेलचा सांगाडा. संग्राहकाला त्यांच्यात रस नव्हता. ट्रकच्या इंजिनाने त्यांना पुन्हा दारात उभं केलं.

नव्वदच्या दशकात रुजलेल्या 'प्रो-टूरिंग' विचाराने याला दिशा दिली. जीएममध्येच इंजिनिअर असलेले मार्क स्टीलो यांनी बांधलेल्या कॅमॅरो हे त्याचं ठळक उदाहरण. वळणावर टिकणारी, वेळेवर थांबणारी, दिवसभर चालवता येणारी जुनी गाडी, हे त्यांचं सूत्र. यातला क्रम महत्त्वाचा आहे. पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत चारशे हॉर्सपॉवर घालणं म्हणजे वाड्याची जुनी लाकडी तुळई न बदलता वर दुसरा मजला चढवणं. ब्रेक, स्टिअरिंग, रेडिएटर आधी, इंजिन नंतर.

लोखंडाकडून तारेकडे

या तीस वर्षांत मिस्त्रीचं काम पार बदललं. पूर्वी कार्बोरेटर सेट केला आणि टायमिंग लावलं की इंजिन चालू होई. एलएससोबत तारांचा जुडगा आणि संगणक आला. ट्रकमधून काढलेल्या वायरिंगमधल्या निम्म्याहून अधिक तारा जुन्या गाडीत निरुपयोगी. त्या एकेक ओळखून सोडवायच्या. शिवाय चावीतला चोरीविरोधी संकेत मिळाला नाही तर संगणक पेट्रोलच तोडतो, म्हणून ती अट प्रोग्रॅममधून काढायची. 2000 नंतरच्या काही वर्षांत हौशी लोकांनीच हे प्रोग्रॅम उलगडले, त्यासाठीची सॉफ्टवेअर बाजारात आली, आणि घरच्या गॅरेजात लॅपटॉप हा पान्याइतकाच गरजेचा झाला.

कायदाही आडवा आला. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यापुढच्या गाडीत इंजिन बदलायचं तर ते गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं हवं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत हवी. जीएमने 'ई-रॉड' नावाचं पॅकेज काढलं, त्यात कन्व्हर्टर, सेन्सर, अॅक्सिलरेटर पेडलसकट सगळं होतं. कारखानाच आता या छंदाचा पुरवठादार झाला. पुढे डॉजनेही 707 हॉर्सपॉवरचं हेलकॅट इंजिन खोक्यात भरून विकायला काढलं, 1976 च्या आधीच्या गाड्यांसाठी. आणखी एक निर्णय कमी गाजला, पण मोलाचा होता. 2015 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररियन ऑफ काँग्रेसनी कॉपीराइट कायद्याखाली सवलत देऊन गाडीमालकाला दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी स्वतःच्या गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची मुभा दिली.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात पेट्रोलवर चालणाऱ्या कितीतरी जुन्या जीपना डिझेल इंजिनं बसली, अँबॅसेडर आणि पद्मिनीलाही बसली. आपल्याकडे कारण वेगाचं नव्हतं, डिझेलच्या दराचं होतं. आणि आरटीओची परवानगी व आरसी बुकातली नोंद यांचा व्याप वेगळाच. पण फाउंडेशन कापून नवे वेल्ड करणारा, प्रोपेलर शाफ्ट कमी करून आणणारा मिस्त्री दोन्हीकडे एकाच जातकुळीचा.

पुढे काय

1997 मध्ये 1969 ची कॅमॅरो 28 वर्षांची होती. 2025 मध्ये एलएस1 ला 28 वर्षं झाली. 'आधुनिक' म्हणून बसवलेलं हे इंजिन स्वतःच आता जुनं झालंय. भंगारवाड्यांत चांगलं 5.3 पूर्वीसारखं सहज मिळत नाही. त्यानंतर 2014 पासून आलेल्या पिढीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि जसजशी वर्षं गेली तसतसे कंट्रोलर अधिक बंदिस्त झाले. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी हे एकमेकांशी सतत बोलतात आणि एखादं उत्तर देत नसेल तर बाकीचे रुसतात. विजेच्या मोटारीही याच वाटेवर आहेत: 2018 मध्ये शेव्हरोलेने इलेक्ट्रिक कॅमॅरो दाखवली, 2020 मध्ये 1977 च्या ब्लेझरमध्ये आपल्या 'बोल्ट' या विजेच्या गाडीची यंत्रणा बसवली. मला यात वावगं दिसत नाही. 1964 मध्ये जे झालं तेच होतंय, फक्त पेट्रोलशिवाय.

माझी काळजी वेगळी आहे. स्पेसर, चेंबर, फाउंडेशन कुठलाही चांगला टर्नर आजही घडवू शकतो. कुलूपबंद प्रोग्रॅम मात्र लेथवर घडवता येत नाही. एलएसचा काळ बहरला तो इंजिन चांगलं होतं म्हणून, आणि त्याची आतली गोष्ट हजारो लोकांनी उलगडून एकमेकांना फुकट सांगितली म्हणूनही. म्हणून मागणी साधी आहे: मॉडेलचं उत्पादन थांबल्यावर ठरावीक वर्षांनी कंपन्यांनी त्याच्या वायरिंगच्या आकृत्या आणि कंट्रोलरची किल्ली खुली करावी, आणि 2015 च्या त्या सवलतीचं रूपांतर कायमच्या हक्कात व्हावं. तेवढं झालं तर 2050 मध्येही कुणीतरी तरुण आजची एखादी टाकून दिलेली गाडी घरी आणेल, आणि तिच्यात काय बसवायचं ते स्वतः ठरवेल.