बाळंतिणीचे डोके दुखते. झोपल्यावर थांबते का?

सिझेरियननंतर एक-दोन दिवसांनी बाळंतीण उठून बसते आणि डोके ठणकू लागते. कपाळ, डोक्याची मागची बाजू, मान दुखते. मळमळते, कानात आवाज येतो. आडवे होताच थोड्या वेळात बरे वाटते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे दुखणे अशक्तपणा किंवा बाळंतवारा समजून अंगावर काढले जाते. वास्तविक त्याचे कारण माहीत आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

कमरेतून भूल देताना सुई मज्जारज्जूभोवतीच्या पडद्यातून आत जाते. त्या छिद्रातून आतला द्रव झिरपत राहिला, तर मेंदूचा आधार कमी होतो. उठून बसल्यावर मेंदूवर ताण येतो आणि डोके दुखते. १८९८ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी हा प्रयोग स्वतःवर करून घेतला, तेव्हा त्यांनाही अनेक दिवस हाच त्रास झाला होता. आताच्या बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांमुळे तो बराच कमी झाला आहे. वेदनारहित प्रसूतीसाठीच्या एपिड्युरलची सुई मात्र जाड असते. ती पडद्याबाहेरच थांबवायची असते. साधारण शंभरात एखादीला चुकून छिद्र पडते आणि अशांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे डोके दुखते.

बहुतेकींचा त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. तोवर पॅरासिटामॉल, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी एखादे वेदनाशामक, पुरेसे पाणी आणि दिवसातून एक-दोन कप चहा उपयोगी पडतो. बाळाला कुशीवर झोपून पाजावे. मात्र ‘चोवीस तास उशीशिवाय सरळ पडून राहा, म्हणजे डोके दुखणार नाही’ या समजाला आधार नाही. झोपल्याने आराम मिळतो; दुखणे टळत नाही.

दुखण्यामुळे बाळाला घेणेही जमत नसेल, तर ‘ब्लड पॅच’ करतात. बाळंतिणीच्याच हातातून सुमारे २० मिलिलिटर रक्त काढून, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, छिद्राजवळ पडद्याबाहेर सोडले जाते. गुठळीने गळती थांबते. अनेकींना काही तासांत आराम मिळतो. काहींना तो पुन्हा करावा लागतो. हे काम भूलतज्ज्ञाचे आहे आणि लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञ रोज असतोच असे नाही. म्हणून त्रास वाढण्याची वाट न पाहता वेळेवर विचारणे महत्त्वाचे.

खरा धोका वेगळाच आहे. बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते. झोपूनही डोके थांबत नसेल, तर आधी रक्तदाब मोजावा. गरोदरपणात रक्तदाब ठीक असला तरी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो आणि झटके येऊ शकतात. मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही याच काळात अधिक असतो. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अनेक घरांत आहे. शरीर कोरडे पडले की हा धोका वाढतो. तिला तहान लागेल तेवढे पाणी द्यावे.

झटका, धूसर दिसणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ताप व मान ताठणे, गुंगी किंवा आधी झोपल्यावर थांबणारे डोके आता सतत दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी १०८ रुग्णवाहिका बोलवावी. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे आधी न्यावे. पुढे सिल्वासा किंवा वलसाडला पाठवायचे का, हे तिथले डॉक्टर ठरवतील.

घरी येणाऱ्या आशाताईंनी आणि सासू-आईने एवढेच विचारावे: डोके दुखते का, आणि झोपल्यावर थांबते का? थांबत असेल, तरी डॉक्टरांच्या कानावर घालावे. थांबत नसेल, तर त्याच दिवशी दाखवावे. आणि या डोकेदुखीच्या भीतीने सिझेरियनची भूल कोणीही नाकारू नये.