पाच माणसे, दोन कुत्री आणि एक गाडी

बैलगाडीच्या काळी घरच्या कुत्र्याला कुठे बसवावे, हा प्रश्नच नव्हता. गाडी शेताकडे निघाली की कुत्रे आपले दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या सावलीत, मान खाली घालून चालू लागे. त्यावरूनच म्हण पडली की, गाडीखालच्या कुत्र्याला वाटते, गाडी मीच ओढतो! मोटारीखाली मात्र कुत्र्याला चालता येत नाही. त्याला आत जागा द्यावी लागते. ती कुठे द्यायची, आणि ती देऊनही गाडी खिशाला कशी परवडवायची, हा आजचा विषय.

मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला जिथे सेलूचा रस्ता मिळतो, तो आपला देवगाव फाटा. समजा, तिथल्या एका हॉटेलात एक गुरुजी चहा घेत बसले आहेत. त्यांनी गाडी घ्यायचे ठरवले आहे, ही बातमी त्यांच्या आधी फाट्यावर पोचली आहे. "गुरुजी, कोणती गाडी घ्यायलात?" असे विचारत जो येतो, तो सल्ला देऊन जातो. एक म्हणतो, मायलेज बघा. दुसरा म्हणतो, विकताना किंमत कशाला येते ते बघा. तिसरा म्हणतो, पांढरा रंग घ्या, ऊन कमी लागते. हे सगळे सल्ले आपापल्या जागी खरे आहेत. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही: गुरुजी, तुमच्या गाडीत बसणार कोण कोण?

आपण तो विचारू. घरात गुरुजी आहेत, बाई आहेत, म्हातारी आई आहे, चार वर्षांची मुलगी आहे, आणि दिवाळीनंतर आणखी एक पाहुणा यायचा आहे. ही झाली पाच माणसे. शिवाय दोन कुत्री. मोती हा गावठी, आणि आखाड्यावर राखणीला असलेला राजा हा कारवानी. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची कारवानी कुत्री आपल्या भागात प्रसिद्धच आहेत. उंच पाय, लांब तोंड, खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट उंची आणि वीस-पंचवीस किलो वजन. असे जनावर कोणाच्या पायाशी मुटकुळे करून बसेल, ही आशा सोडून द्यावी.

कोणी म्हणेल, कुत्र्यांचा एवढा विचार कशाला? कारण असे की, गुरुजींची नोकरी बदलीची. बदलीचा हुकूम आला की टेम्पोत कपाट चढते, गॅसची टाकी चढते, आणि कुत्रे शाळेच्या फाटकापाशी उभे राहते. पाचसहा वर्षे ज्याने घर राखले, ते टेम्पोमागे धावून धावून थकते. गुरुजींच्या मुलीने हे शेजारच्या घरी पाहिले आहे. ती बापाला रोज विचारते, "आपली गाडी आली की मोती बसल ना?" तेव्हा गाडी निवडताना या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे.

आता जागा वाटू. सर्वांत आधी लेकरांची. आजी म्हणेल, "मांडीवर घेतलं की झालं, आमची लेकरं अशीच वाढली." आजीचा अनुभव बैलगाडीचा आणि एस.टी.चा. मोटारीचे गणित निराळे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जोर वजनाच्या सुमारे चौदापट होतो. म्हणजे दहा किलोचे लेकरू त्या क्षणी एकशेचाळीस किलोच्या ओझ्यासारखे हातातून सुटते. कोणत्याही आईच्या हातांत तेवढे बळ नाही. म्हणून लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची मिळते, ती गाडीच्या मागच्या सीटवर पक्की बांधायची. तान्ह्या मुलाची खुर्ची मागे तोंड करून असते. समोर एअरबॅग चालू असेल तर ती पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये, कारण फुगा फुटतो तो नेमका खुर्चीच्या पाठीवर आदळतो. कायदाही हेच सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर हजार रुपये दंड आहे.

म्हणजे मागच्या सीटवर दोन्ही कडांना दोन खुर्च्या आल्या. मधल्या जागेत बाई बसतील. आजीला चढउतार सोपी पडावी म्हणून तिला पुढे, गुरुजींच्या शेजारी बसवू. पाचही जागा भरल्या. हे मांडल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी की, मागच्या सीटची रुंदी या घराला फार मोलाची आहे. शोरूममध्ये दोन खुर्च्या ठेवून मध्ये माणूस बसतो का, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

राहिली कुत्री. सुट्या कुत्र्याला तेच गणित लागू आहे. वीस किलोचा राजा धडकेत दोनशेऐंशी किलोच्या जोराने पुढे येईल, आणि त्याच्यापुढे लेकरे आहेत. शिवाय म्हशी दिसल्या की तो गुरुजींच्या मांडीवर उडी घेणार नाही याची हमी कोण देईल? म्हणून कुत्र्यांची जागा मागच्या सीटच्याही मागे, डिकीत. मध्ये पक्की जाळी हवी, आणि छातीवरून जाणारा पट्टा आतल्या कडीला बांधलेला हवा. गळपट्ट्याला बांधू नये, धक्क्याने मान मोडते. मात्र ही डिकी आतल्या हवेला मोकळी असली पाहिजे. ज्या गाडीची डिकी पेटीसारखी वेगळी बंद होते, ती गाडी कुत्रेवाल्या घराच्या कामाची नाही.

आता डिकीचे माप. कंपन्या ते लिटरमध्ये सांगतात. पण लिटर हे पाण्याचे माप आहे. पाणी हवा तो आकार घेते, कुत्रे घेत नाही. त्याला लांबी, रुंदी आणि डोक्यावर उंची लागते. तेव्हा असे करा. कुत्रे अंगणात आडवे झोपले की त्याच्याभोवती रांगोळीने चौकोन काढा. दुसऱ्याचाही काढा. दोन्ही चौकोन शेजारी ठेवून फूटपट्टीने मोजा, आणि तो कागद खिशात घालून शोरूमला जा. शिक्षक मंडळींना तर हा पाचवीच्या वर्गाचा चांगला पाठ होईल.

एवढी तयारी झाली की गाड्यांकडे बघू. परवडणाऱ्या गाड्यांत या घरासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे उंच टपाची पाच सीटची छोटी गाडी. वॅगनआर हे त्यातले ओळखीचे नाव. ही १९९९ सालापासून आपल्या रस्त्यावर आहे आणि हिची डिकी ३४१ लिटरची आहे. मोती त्यात बसेल. मोती आणि राजा दोघे बसणार नाहीत, आणि बसलेच तर बाळाची पिशवी टपावर जाईल.

दुसरी वाट म्हणजे चार मीटरच्या आतली तीन रांगांची गाडी. २०१९ साली आलेली ट्रायबर या जातीची आहे. तिच्या शेवटच्या रांगेतल्या सीटा काढून घरी ठेवता येतात. त्या लावलेल्या असताना मागे अवघी ८४ लिटर जागा राहते, काढल्या की ६२५ लिटर होते. आमच्या गुरुजींचे गणित इथे बसते. रोज पाच माणसे आणि मागे कुत्री, आणि लग्नसराईत कुत्री आखाड्यावर ठेवून सात माणसे. उणे एवढेच की इंजिन एक लिटरचे आहे. भरलेली गाडी चढाला दम खाते, आणि समोरचा ट्रक ओलांडताना धीर धरावा लागतो.

तिसरी वाट व्हॅनची. २०१० सालापासून मिळणारी ईको पाच सीटची घेतली तर मागे सपाट, उंच, मोकळी जागा मिळते. दारे सरकती असल्याने म्हातारीला चढणे सोपे. इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे आवाज आणि उष्णता आत जाणवते. शेतीचा मालही न्यायचा असेल तर हिचा विचार जरूर करावा.

यांहून मोठी, चार मीटरपेक्षा लांब गाडी घ्यावी का? तिथे कराची पायरी आडवी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जी.एस.टी. १८ टक्के आहे, त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. केवळ वर्षातून चार वेळा सगळे पाहुणे एका गाडीत मावावेत म्हणून एवढा फरक मोजू नये. त्या चार वेळा भाड्याने जीप केली तर स्वस्त पडते.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. काळ्या जमिनीची आखाड्याची वाट पावसाळ्यात कशी होते, हे मी सांगायला नको. तेव्हा गाडीच्या पोटाखालची उंची किती मिलीमीटर आहे, हे विचारा. ती आकडेवारी रिकाम्या गाडीची असते, पाच माणसे बसल्यावर गाडी खाली दबते. दुसरे, सी.एन.जी.ची गाडी चालवायला स्वस्त खरी, पण बहुतेक गाड्यांत तिची टाकी डिकीतच बसते, म्हणजे कुत्र्यांची जागा गेली. २०२३ पासून काही गाड्यांत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या ठेवतात, तिथे वर थोडी जागा उरते. पंप आपल्या नेहमीच्या वाटेवर आहे का, तेही आधी बघावे.

आणि स्वस्ताईच्या नादात मजबुती विसरू नये. स्कूटरवर चौघे बसलेले कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात नॅनोची कल्पना आली, आणि २००८ साली ती गाडी लोकांपुढे आली. हेतू उदात्त होता. पण २०१४ साली ग्लोबल एनकॅप संस्थेने ती धडकवून पाहिली, तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. त्या परीक्षेत आणखीही काही लोकप्रिय छोट्या गाड्या शून्यावर राहिल्या. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप ही परीक्षा आहे. तीत मोठ्यांच्या आणि लेकरांच्या सुरक्षेचे तारे वेगवेगळे देतात. विक्रेत्याला दोन्ही विचारा. एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाने फरक पडतो, म्हणून आपण घेतो त्याच गाडीचा निकाल बघा.

आता पैशाचे बोलू. समजा, पाच लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये आणि एकूण व्याज एक लाख तीस हजार. सात वर्षे घेतली तर हप्ता ८,१७० वर येतो, पण व्याज एक लाख शहाऐंशी हजारांवर जाते. हप्ता लहान दिसतो, गाडी महाग पडते. शिवाय हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. परभणी जिल्ह्यात पेट्रोलवर वाहतुकीचा बोजा अधिक, म्हणून राज्यातल्या महाग दरांत आपले नाव नेहमी येते. लिटरला १०५ रुपये धरा, महिन्याला आठशे किलोमीटर आणि लिटरमागे सोळा किलोमीटर धरा. झाले ५,२५० रुपये. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी महिन्याला अडीच हजार बाजूला काढा. म्हणजे साडेदहा हजारांची वाटणारी गाडी सव्वाअठरा हजारांना जाते. खरेदीआधी सहा महिने एवढी रक्कम दरमहा पोस्टात टाकून पाहावी. घर विनातक्रार चालले तर गाडी परवडते. नाही चालले, तर जुनी गाडी बघावी, आणि साठलेले पैसे तिच्या कामी येतील.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. पण आर.सी.वर बँकेचा बोजा उरला नाही याची खात्री करा, आणि गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आपल्या विश्वासाचा मिस्त्री सोबत न्या. मागच्या सीटवर दोन्ही खुर्च्यांसाठी चांगले पट्टे आहेत का, हे बघायला मात्र बाईंना न्या. मिस्त्री इंजिन बघतो, सीट बघत नाही.

शेवटी उन्हाळ्याची एक गोष्ट. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत दहा मिनिटांत सुमारे दहा अंश आणि अर्ध्या तासात जवळजवळ वीस अंश उष्णता वाढते. काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते. म्हणून बाजारात "आत्ता आलो" म्हणून कुत्र्याला, आणि लेकराला तर मुळीच, गाडीत कोंडून जाऊ नये.

तर श्रोतेहो, फाट्यावरच्या गुरुजींना आपण एवढेच सांगू. मायलेज आणि रंग नंतर. आधी अंगणात रांगोळी काढा, दोन खुर्च्या, एक आजी आणि दोन कुत्री मोजा. जी गाडी या सगळ्यांना आपापल्या जागी, पट्टा बांधून बसवते आणि महिन्याअखेर घरात दूध, औषध आणि वह्यांचे पैसे शिल्लक ठेवते, ती तुमची गाडी. मग बदलीचा हुकूम येईल तेव्हा मोती फाटकाशी उभा राहणार नाही. तो मागच्या काचेतून बाहेर बघत असेल, आणि त्यालाही वाटत असेल की, गाडी मीच चालवतो. वाटू द्या बापड्याला!