सायनाइडचा शेजार

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा दोन्ही वेळा एक प्रश्न पुन्हा पुढे आला : रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये नेमके काय साठवले आहे? उत्तरादाखल रसायनाचे नाव मिळाले तरी भागत नाही. ते नाव वाचता यावे लागते. त्या स्फोटांशी संबंध न जोडता, केवळ उदाहरण म्हणून एक रसायनकुळ घेऊ : बेंझीनचे वलय असलेली नायट्राइल संयुगे.

एक कार्बन आणि एक नायट्रोजन तिहेरी बंधाने बांधले की नायट्राइल गट होतो. सोडियम सायनाइडात असते ती हीच जोडी. ती वलयाला थेट चिकटली की बेंझोनायट्राइल. मध्ये एक कार्बन आला की बेंझाइल सायनाइड. फरक एका कार्बनचा, पण त्यावर बरेच काही ठरते.

आधी निर्मिती पाहू. बेंझोनायट्राइल १८४४ मध्ये हेर्मान फेलिंगने अमोनियम बेंझोएट तापवून, त्यातले पाणी काढून मिळवले. १८८४ मध्ये झांडमायरने डायझो संयुगावर तांब्याचे सायनाइड वापरण्याची वाट दाखवली. आता टोल्युइन, अमोनिया आणि हवा तप्त उत्प्रेरकावरून नेऊनही ते बनते. तिथे सायनाइड लागतच नाही. बेंझाइल सायनाइडची नेहमीची कृती मात्र बेंझाइल क्लोराइड आणि सोडियम सायनाइड यांची. म्हणजे कारखान्याच्या आवारात खरे सायनाइड आलेच. त्याला आम्ल लागले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून आम्लाची टाकी आणि सायनाइडचे कोठार यांतले अंतर हा गावाच्याही काळजीचा विषय आहे.

बेंझाइल सायनाइडातल्या त्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल असतात. पोलंडच्या मिएचिस्वाव मांकोशा यांनी १९६० च्या दशकात दाखवले की साधे कॉस्टिकचे द्रावण आणि चिमूटभर उत्प्रेरक यांवर तिथे नवे गट जोडता येतात. याच संयुगाचे जलविघटन केले की फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल मिळते. ते बुरशीला पुरवले की ती पेनिसिलिन-जी बनवते. म्हणजे विषारी पिंपापासून औषधाच्या कुपीपर्यंतची वाट फार लांब नाही.

तोच सैल कार्बन शरीरात घात करतो. यकृत तिथे ऑक्सिजन जोडते, मँडेलोनायट्राइल तयार होते आणि ते फुटून बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड सुटतात. कडू बदामातही शेवटी हेच घडते. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत धुरिन नावाचा याच कुळातला भाऊबंद असतो. कोवळ्या ज्वारीत जनावर सोडू नये, या जुन्या शहाणपणामागचे रसायन ते हेच. बेंझोनायट्राइलमध्ये मधला कार्बन नाही, त्यामुळे शरीर वलयावरच काम करते आणि सायनाइड सहसा सुटत नाही. तरी ते निरुपद्रवी नव्हे. आग लागली तर दोघांच्याही धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो.

एका लेबलवर ‘सायनाइड’ आहे, दुसऱ्यावर नाही. पण धोका शब्दात नसून रचनेत, साठ्यात आणि शेजारी काय ठेवले आहे यात आहे. अग्निशमन दलाच्या जवानाला हे आत शिरण्यापूर्वी कळले पाहिजे आणि पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्यालाही ते विचारण्याचा अधिकार आहे.