तिसऱ्या फेरीत पाय का जड होतात

विद्यापीठाच्या गेटातून आत शिरलं की लेण्यांच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचपासून पावलं वाजायला लागतात. गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात, आमखास मैदानावर हीच गर्दी. छत्रपती संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहणारी ही मुलं-मुली सिल्लोड, कन्नड, पैठण, जालना, बीड अशा भागांतून आलेली असतात आणि बहुतेक जण एकाच गोष्टीच्या मागे असतात: पोलीस भरती. लेखी परीक्षा पुढची गोष्ट. आधी 'ग्राउंड' काढायचं.

ग्राउंड 50 गुणांचं. मुलांसाठी 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15; मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत, 100 मीटर साडेअकरा सेकंदांत संपवायचे आणि 7.260 किलोचा गोळा साडेआठ मीटरपर्यंत टाकायचा. शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर हे स्नायूला विचारलेले तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाच्या तयारीने दुसऱ्याचं उत्तर येत नाही. 'रोज दहा किलोमीटर पळ, सगळं होईल' असा सल्ला देणारे मैदानावर पुष्कळ भेटतात, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आपल्या अंगात आहेत आणि वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग त्यांचाच. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. तिच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. मेंदूकडून इशारा आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. विहिरीतून पोहरा वर घेताना आपण दोर हातावर हात घेत ओढतो, तसं. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट 1954 साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी मांडली. या कामाचं चलन म्हणजे एटीपी हा रेणू. पकड सोडायलाही एटीपीच लागतो आणि सुटलेलं कॅल्शियम परत साठ्यात भरायलाही. मृत्यूनंतर शरीर ताठरतं त्याचं कारण हेच: पकड बसते, पण ती सोडवायला ऊर्जा उरलेली नसते.

हाताशी असलेला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल इतकाच असतो. गोळाफेकीला तेवढा पुरतो. 100 मीटरला फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा साठा धावून येतो, तो पूर्ण जोरात आठ-दहा सेकंद चालतो. त्याच्या जोडीला साखर ऑक्सिजनशिवाय झपाट्याने फोडली जाते. 1600 मीटरचं गणित निराळं. पाच मिनिटांच्या धावेत तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने, पेशीतल्या मायटोकाँड्रियामधून येते. म्हणजे हृदय किती रक्त ढकलतं, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, तंतूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं किती दाट आहे, यावर निकाल ठरतो.

आता ती तिसरी फेरी. 400 मीटरच्या ट्रॅकवर 1600 म्हणजे चार फेऱ्या. पाच-दहाच्या हिशेबाने प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. मैदानाच्या कडेला उभं राहून पाहा: शिट्टी झाली की पोरं पहिली फेरी सत्तरच्या आत काढतात. दुसरीत दम लागतो. तिसरीत खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, टाच आधी टेकायला लागते आणि पाऊल आखूड होतं. मुलगा म्हणतो, 'पाय भरले.'

पाय कशाने भरले? सुरुवातीच्या घाईत ऑक्सिजनचा पुरवठा मागणीला पुरा पडत नाही, म्हणून तूट बिनऑक्सिजनच्या मार्गाने भरली जाते. त्या खटाटोपात पेशीत फॉस्फेट आणि आम्लता वाढते. त्यामुळे कॅल्शियम कमी सुटतं, जे सुटतं त्यालाही धागे नीट दाद देत नाहीत आणि प्रत्येक पकडीचा जोर घटतो. स्नायूत हळू आणि जलद असे दोन तऱ्हेचे तंतू असतात; हळू तंतू थकले की त्यांच्या मदतीला जलद तंतू ओढले जातात. ते ताकदवान, पण लवकर दमणारे. शिवाय मेंदू हात आखडता घेतो आणि स्नायूला जाणारे इशारेच विरळ होतात. शेवटच्या शंभर मीटरला मित्र कडेने ओरडायला लागले की वेग वाढतो, तो त्यामुळेच. काहीतरी शिल्लक होतं, मेंदूने राखून ठेवलेलं. पहिली फेरी चार-पाच सेकंद सावकाश काढणाऱ्याची एकूण वेळ बहुतेकदा सुधारते आणि त्यासाठी एक दिवसही जादा सराव लागत नाही.

लॅक्टिक ॲसिडबद्दलही बोलायला हवं, कारण प्रत्येक अकादमीत सगळं खापर त्याच्यावर फुटतं. धावताना तयार होणारं लॅक्टेट हे इंधन आहे. हृदय आणि हळू तंतू ते वापरतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं आणि साधारण तासाभरात त्याची रक्तातली पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. ते दुखणं येतं तंतूंना पडलेल्या सूक्ष्म भेगांमुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे. विशेषतः स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा ह्या भेगा पडतात. दौलताबादचा सुमारे 200 मीटर उंचीचा डोंगर ज्यांनी चढला-उतरला आहे त्यांना याचा अनुभव असेल. दम चढताना लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अख्ख्या शरीराचा भार अडवत असतो. हाच किल्ला दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी असतं, कारण एका माराने स्नायू पुढच्या माराची तयारी करून ठेवतो.

ही तयारी होते कधी? धावताना नाही, धावून झाल्यावर. व्यायाम हा फक्त निरोप असतो. बांधकाम जेवताना आणि झोपेत चालतं. जोरदार सरावानंतर दीड-दोन दिवस स्नायूत नवी प्रथिनं बनण्याचा वेग वाढलेला राहतो. तंतूंच्या कडेला सॅटेलाइट पेशी निजलेल्या असतात. अलेक्झांडर माउरो यांनी त्या 1961 साली सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूला जोडल्या जातात. 1967 मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. आठवडे हा शब्द महत्त्वाचा आहे.

शरीराचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि प्रत्येक भागाचं वेगळं. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, दम थोडा कमी लागतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गोळा लांब जाऊ लागतो, पण तो स्नायू फुगल्यामुळे नाही. मज्जासंस्था अधिक तंतू एका वेळी कामाला लावायला शिकते म्हणून. मायटोकाँड्रियाची वाढ नीट दिसायला महिना-दीड महिना जातो, तंतूची जाडी डोळ्यांत भरायला दोन महिने. स्नायुबंध आणि हाडं सगळ्यांत मागे, त्यांना कित्येक महिने लागतात. त्यातही हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते उलट नाजूक असतं. दम वाढलाय, मांड्या साथ देतायत, म्हणून मुलगा अंतर दुप्पट करतो आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि 'दुखणं अंगावर काढ' असं सांगणारे सोबती; नडगीच्या हाडाला बारीक तडा जायला एवढं पुरतं. एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जावं. त्यात हार कसली?

2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्ज मार्चमध्ये सुरू झाले, मैदानी चाचणी 19 जूनपासून. जाहिरात वाचून बूट विकत घेणाऱ्याच्या हातात जेमतेम साडेतीन महिने होते, तेही मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधले. स्नायूला एवढा वेळ कसाबसा पुरतो, हाडाला पुरत नाही. म्हणून भरतीचं वार्षिक वेळापत्रक आधीच जाहीर व्हावं, ही मुलांची मागणी मला शरीरशास्त्राच्या अंगानेही रास्त वाटते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. उष्णतेत रक्ताला दोन कामं असतात, स्नायूला ऑक्सिजन नेणं आणि त्वचेकडे जाऊन अंग निववणं. सराव नसलेल्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. ती नसताना जीव तोडून पळालं तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, मूत्रपिंडावर आघात होतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते. असं दिसलं तर तडक रुग्णालय गाठावं. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्यानंतरही भर उन्हात मुलांना पळवलं जात असेल तर तो गुन्हाच म्हणायला हवा.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे या सगळ्या मुलांच्या मोबाइलवर असतो. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 2018 साली 8 मिनिटे 29.80 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंद. अडथळे आणि पाण्याच्या उड्या धरून त्याचा तो वेग असा आहे की 1600 मीटर 4 मिनिटे 21 सेकंदांत होतील. मुलं हा आकडा पाहतात. मी त्यांना दुसरा दाखवेन: वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं, आणि त्याआधी शाळेत पायी जाण्या-येण्याची व लष्करातल्या नोकरीची कितीतरी वर्षं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ट्रॅकवर दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी 800 मीटरमध्ये मागे पडते, तेव्हा तिला जिद्द कमी असल्याचं सुनावलं जातं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासावं. ही स्वस्तातली तपासणी आहे. लोह कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू कराव्यात, भरून यायला दोन-तीन महिने लागतात. महागड्या पावडरच्या डब्यांवाचून मात्र फारसं अडत नाही. ज्वारीची भाकरी, वरण किंवा उसळ, शेंगदाणे, दूध, जमेल तेव्हा अंडी, यात स्नायूला लागणारी प्रथिनं जमवता येतात. अट एकच, मेसचं ताट पोटभर असावं.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सरावाचं अंतर निम्म्यावर आणावं, वेग मात्र राखावा. स्नायूतला साखरेचा साठा भरतो, भेगा सांधतात, पाय हलके होतात. पण मुंबईचं ग्राउंड लागलेला मुलगा रात्रभर एसटीत किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात उभा राहून जातो, फुटपाथवर सतरंजी टाकतो आणि पहाटे रांगेत लागतो. चार महिन्यांत पायांनी जे कमावलं, त्यातलं किती त्या एका रात्रीत जातं, ते पाच-दहाला दोन सेकंदांनी चुकलेल्या मुलाला विचारा. ज्या शहरात चाचणी आहे तिथल्या शाळांचे वर्ग आणि मंगल कार्यालयं उमेदवारांना झोपण्यासाठी उघडून देणं शासनाला अवघड नाही.